नाव-नंबर नसलेली जुनी बंदूक विकत घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एक जुनी दुनळी विकायला आहे, तिच्यावर ना कंपनीचं नाव, ना नंबर. विकणारा म्हणतो, ‘त्या काळी नंबर टाकतच नसत.’ घ्यावी का?

विकणारा खोटं बोलतोय असं मी लगेच म्हणणार नाही. पण त्याने अर्धंच सांगितलंय. खूण मुळात नव्हती, की होती आणि कोणीतरी काढली, हे आधी ठरवा. बंदूक किती सुंदर आहे, किती जुनी आहे, लाकूड कसलं आहे, हे सगळं त्यानंतर.

मुळातच खूण नसलेल्या बंदुका असतात, आणि त्या काही फार दुर्मिळ नाहीत. अमेरिकेत १९६८ चा गन कंट्रोल ॲक्ट येईपर्यंत प्रत्येक बंदुकीवर नंबर हवाच असं सरसकट बंधन नव्हतं. स्वस्तातल्या पॉइंट २२ रायफली आणि एकनळी शॉटगन तिथे बिननंबरी विकल्या जात. विंचेस्टरसारख्या नामांकित कंपनीची मॉडेल ६७ तिथल्या बाजारात नंबराशिवायच आली होती. बेल्जियममधल्या लिएज शहरात तर परक्या दुकानदारांसाठी ढिगाने बंदुका बनत. त्यांच्यावर कारखान्याचं नाव नसे. दुकानदार सांगेल ते नाव कोरायचं, किंवा काहीच नाही.

मात्र लिएजच्या निनावी बंदुकीवरही एक ठसा सापडतो: लंबवर्तुळात ई, एल, जी ही रोमन अक्षरं. हा प्रूफ मार्क. म्हणजे सरकारमान्य चाचणीघरात जास्तीची दारू भरून बार काढला, नळी फुटली नाही, म्हणून ठसा मारला. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला अशा चाचणीची सनद १६३७ मध्ये मिळाली आणि बर्मिंगहॅमचं चाचणीघर १८१३ च्या कायद्याने उभं राहिलं. ब्रिटनमध्ये अशी चाचणी न झालेली बंदूक विकणं हाच गुन्हा आहे. अमेरिकेत असं सरकारी चाचणीघर कधी नव्हतंच, कारखाने आपापली चाचणी करत. त्यामुळे अमेरिकन बंदुकीवर प्रूफ मार्क नसला तरी बिघडत नाही. पण ‘अस्सल इंग्लिश दुनळी’ म्हणून दाखवलेल्या बंदुकीवर एकही प्रूफ मार्क नसेल, तर ती इंग्लिश तरी नाही किंवा नळीशी कोणीतरी खेळलंय.

‘काहीच नाही’ यावर विश्वास ठेवण्याआधी नीट शोधा. अनेकदा विकणाऱ्यालाच कुठे बघायचं ते माहीत नसतं. बंदूक रिकामी आहे याची खात्री करून परवानाधारक विक्रेत्याला किंवा बंदूक दुरुस्त करणाऱ्या कारागिराला दुनळीचं पुढचं लाकूड काढून नळ्या उतरवायला सांगा. नळ्या उलट्या केल्या की मागच्या टोकाला, खालच्या अंगाला सपाट जागा दिसते. प्रूफ मार्क, बोअर म्हणजे नळीचं आतलं माप, कधी चेंबरची म्हणजे काडतूस बसतं त्या जागेची लांबी, सगळं तिथे असतं आणि बंदूक जोडलेली असताना यातलं काहीच दिसत नाही. नंबर बहुधा ट्रिगर गार्डच्या, म्हणजे चापाभोवतीच्या कडीच्या, मागे लाकडात उतरणाऱ्या शेपटीवर असतो. शंभर वर्षं हात लागून तो इतका पुसट होतो की तिरक्या उजेडातच वाचता येतो. पुढच्या लाकडातल्या लोखंडी भागावरही तोच नंबर पुन्हा सापडू शकतो. रिव्हॉल्व्हरमध्ये गंमत वेगळी. स्मिथ अँड वेसनच्या जुन्या रिव्हॉल्व्हरचा नंबर मुठीच्या तळाला असतो, आणि नंतर कोणी मोठी मूठ बसवली की तो तिच्याखाली झाकला जातो. मालक बापडा शपथेवर सांगतो, नंबर नाही म्हणून.

नळीवर इसवी सन दिसलं तर ते बनावटीचं साल समजू नका. पुष्कळदा ती पेटंटची तारीख असते आणि पुढे कित्येक वर्षं तीच छापली जाते. उलट अमेरिकेत आयात झालेल्या मालावर १८९१ पासून देशाचं नाव लागायला लागलं, त्यामुळे त्या बाजारातल्या बंदुकीवर ‘बेल्जियम’ असं लिहिलेलं असेल तर ती बहुधा त्यानंतरची.

आता दुसरी शक्यता. नंबराच्या जागी कानशीचे ओरखडे, सपाट पोलादात बोटाला जाणवणारा खळगा, बाकी बंदूक करडी पडलेली आणि तेवढ्याच पट्ट्यावर ताजा काळा रंग, यातलं एक जरी दिसलं तरी मी ती बंदूक खाली ठेवीन आणि भावसुद्धा विचारणार नाही. ‘पॉलिश करताना गेला असेल’ हे खरंही असू शकतं, पण ते पटवून द्यायचं ओझं तुमच्या डोक्यावर येतं. भारतातल्या १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम ८ बघा: बिनखुणेचं किंवा खूण पुसलेलं हत्यार ज्याच्या ताब्यात सापडेल, त्यानेच ती खूण काढली असं कायदा गृहीत धरतो. तसं नाही, हे त्याने सिद्ध करायचं. अमेरिकेत नंबर घासलेली बंदूक जाणूनबुजून बाळगणं केंद्रीय गुन्हा आहे. घासलेला नंबर कायमचा जातो असंही नाही. ठसा मारताना खालचं पोलादही दबतं, आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळा बऱ्याचदा त्यावरून आकडे परत वाचतात. ती बंदूक कुठून चोरीला गेली होती हे तेव्हा तुम्हाला कळेल.

‘जुनी आहे, तिला परवाना लागत नाही’ हे वाक्यही तपासून घ्या. सूट असते, पण प्रत्येक देशाची रेघ वेगळी. अमेरिकेत १८९८ किंवा त्याआधी बनलेली हवी. ब्रिटनमध्ये १ सप्टेंबर १९३९ पूर्वीची हवी आणि इतर अटी वेगळ्या. भारतात नुसतं वय पुरत नाही, दुरुस्त करूनही बार निघणार नाही असं हत्यार असेल तरच सूट. बिनखुणेच्या बंदुकीत साल सिद्ध करायचाच पुरावा नसतो, त्यामुळे जिथे सूट वयावर आहे तिथे ती तुमच्या हातून निसटते.

काही खुणा असून नसल्यासारख्या असतात, हेही सांगून ठेवतो. खैबर खिंडीच्या परिसरात हातांनी बनवलेल्या मार्टिनी-हेन्री आणि ली-एनफिल्ड या ब्रिटिश फौजेच्या रायफलींच्या नकलांवर ठसे भरपूर असतात. पण एखादं अक्षर उलटं पडलेलं असतं, नाहीतर व्हिक्टोरिया राणीच्या मुद्रेखाली तिच्या मृत्यूनंतरचं साल असतं. राणी १९०१ च्या जानेवारीत गेली. मला या नकला मनापासून आवडतात, भिंतीवर.

नंबर फक्त पोलिसांसाठी असतो असं अनेकांना वाटतं. अमेरिकेची १९०३ ची स्प्रिंगफील्ड रायफल घ्या. स्प्रिंगफील्डच्या कारखान्यातल्या ८,००,००० च्या आतल्या नंबरांच्या रायफलींचं पोलाद तापवताना कामगार नुसत्या डोळ्यांनी रंग बघून अंदाज घेत. काही जास्त तापल्या, ठिसूळ झाल्या, काही फुटल्या. ती रायफल चालवायची की नाही हे तिच्या नंबरावरून ठरतं. दुनळीचंही तसंच. नळी पीळ दिलेल्या पट्ट्या जोडून बनवलेली, म्हणजे डमास्कस असेल, तर ती काळ्या दारूसाठी तपासली होती की बिनधुराच्या दारूसाठी, चेंबर ६५ मिलिमीटरचा की ७० चा, हे सगळं प्रूफ मार्क सांगतात. ६५ च्या चेंबरमध्ये ७० चं काडतूस बसतं, आणि फुटताना त्याचं तोंड उघडायला जागा नसल्याने दाब वाढतो. चेंबर मोजता येतो, नळीची जाडी मोजता येते. पोलादाच्या आत काय आहे ते मोजमापातून कळत नाही.

म्हणून खुणा मुळातच नसलेली बंदूक मी घेतली तरी तिच्यात काडतूस घालणार नाही, आणि भावही शोभेच्या वस्तूचाच देईन. पैसे देण्याआधी परवाना देणाऱ्या कार्यालयात लेखी विचारीन. विकणाऱ्याकडून बंदूक त्याच्याकडे कशी आली ते सहीनिशी घेईन, कारागिराकडून ‘खूण काढल्याचं दिसत नाही’ असं लेखी घेईन. यातल्या एकालाही विकणारा कां-कूं करत असेल तर व्यवहार सोडून देईन.

नळ्या उतरवल्यावर त्या सपाट जागेचे आणि ट्रिगर गार्डच्या शेपटीचे फोटो उत्तराखाली टाका. उजेड बाजूने पडू द्या, फ्लॅश नको.