तो, ती की ते? गेथेनच्या माणसांसाठी मराठी सर्वनाम

प्रश्न असा आहे : ज्या परग्रहावरच्या माणसांत स्त्री-पुरुष हा कायमचा भेदच नाही, त्यांची कथा मराठीत आणताना ‘तो’ लिहावे, ‘ती’ लिहावे की सरळ नपुंसकलिंगी ‘ते’ वापरावे? प्रश्नकर्त्यांनी उदाहरण दिले आहे ते उर्सुला ले ग्विन यांच्या ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ (१९६९) या कादंबरीचे. तिच्यातील गेथेन या बर्फाळ ग्रहावरची माणसे एरवी लिंगभावरहित असतात. साधारण २६ दिवसांच्या चक्रात काही दिवस ‘केमर’ म्हणजे समागमाचा काळ येतो, तेव्हा त्यांपैकी कोणीही स्त्री किंवा पुरुष होऊ शकते, आणि एकच व्यक्ती काही मुलांची आई व काहींचा बाप असू शकते.

ले ग्विन यांनी मूळ इंग्रजीत सर्वांना पुल्लिंगी सर्वनाम दिले. त्यावर टीका झाली, तेव्हा १९७६च्या एका निबंधात त्यांनी आपल्या निवडीचे समर्थन केले आणि पुढे ते बरेचसे मागेही घेतले. याच ग्रहावरची एक जुनी कथा १९७५मध्ये संग्रहात घेताना त्यांनी ‘राजा’ हा शब्द तसाच ठेवून सर्वनाम मात्र स्त्रीलिंगी केले.

मराठीत तिसरे लिंग तयारच असल्यामुळे ‘ते’ हे उत्तर सोपे वाटते, पण ते तीन ठिकाणी अडते. लेखी मराठीत ‘ते मूल आले’ आणि ‘ते गृहस्थ आले’ यांतील क्रियापद एकच असल्याने, नुसते ‘ते आले’ वाचणाऱ्याला आदरार्थी पुरुषच दिसणार. शिवाय विभक्ती लागली की ‘ते’चे ‘त्याने, त्याला, त्याचे’ होते, म्हणजे ज्या पुल्लिंगापासून सुटका हवी होती तेच परत समोर येते. तिसरी अडचण अर्थच्छटेची आहे. मूल, लेकरू, वासरू, पाखरू अशा शब्दांमुळे आपल्या कानाला एकवचनी नपुंसकलिंगात लहानपण ऐकू येते, आणि या कादंबरीतल्या एस्ट्राव्हेनसारख्या पंतप्रधानाला ते शोभत नाही. (‘नपुंसक’ ही व्याकरणाची संज्ञाही इथे गैरलागूच आहे, कारण या लोकांत तर प्रत्येक जण मूल जन्माला घालू शकतो. आणि पाहा, हे लिहिताना माझ्याही हातून ‘शकतो’च लिहिले गेले.)

अनेकवचनात मात्र आपली भाषा मदतीला येते. नवरा-बायको दोघे मिळून गेले तर आपण सहज ‘ती दोघं गेली’ म्हणतो. हे नपुंसकलिंगी अनेकवचन आहे आणि त्यात कोणालाही हिणवल्यासारखे वाटत नाही. गेथेनच्या समूहांसाठी हेच रूप वापरावे.

खरी कसोटी प्रथमपुरुषाची आहे. कादंबरीचा काही भाग याच गेथेनवासी एस्ट्राव्हेनच्या तोंडी आहे. इंग्रजीत ‘मी’ला लिंग नाही, मराठीत ‘मी थकलो’ की ‘मी थकले’ हे ठरवावेच लागते. (कोल्हापूरकडे बायकाही ‘मी जातो’ म्हणतात, पण प्रमाण मराठीच्या वाचकाला तिथे पुरुषच ऐकू येईल.) तरीही वाट आहे. सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ कर्माच्या लिंगाप्रमाणे चालतो, त्यामुळे बर्फावरच्या प्रवासाची नोंद ‘पहाटे तंबू उतरवला, दिवसभर गाडी ओढली, रात्री चूल पेटवली’ अशी लिहिली, तर लिहिणारी व्यक्ती कोण हे कळत नाही. ‘मी जाईन’, ‘मला वाटते’, ‘मी जात असे’ यांतही लिंग नाही. ‘थकलो’ टाळायचे असेल तेव्हा ‘अंगात त्राण उरले नाही’ म्हणावे.

दुसरा निवेदक जेन्ली आय हा पृथ्वीवरून आलेला पुरुष. समोरच्या प्रत्येकाला आधी पुरुष समजण्याची त्याची खोड हाच कथेचा एक विषय असल्यामुळे त्याच्या प्रकरणांत ‘तो’च ठेवावा, म्हणजे ती चूक अनुवादकाची न ठरता निवेदकाची ठरते. एस्ट्राव्हेनच्या प्रकरणांत मात्र ‘तो’ शक्यतो येऊ देऊ नये. नाव पुन्हा लिहावे लागले तरी चालेल.

राजा गरोदर असल्याचे सांगणारे एक छोटे वाक्य या कादंबरीत आहे. ‘राजा गरोदर होता’ हे त्याचे सरळ मराठी. मला स्वतःला ‘राजाला दिवस गेले होते’ हे अधिक आवडते, कारण त्यात क्रियापद दिवसांचे आहे आणि राजाचे लिंग विचारायला ते थांबत नाही.