डांबरगोळ्या गेल्या कुठे?

प्रश्न : आईने जूनमध्ये कपाटात डांबरगोळ्या टाकलेल्या, गणपतीला साड्या काढल्या तर पुडी रिकामी आणि खाली ओलंपण नाही. वितळल्या का?
– सहावीतला वाचक, परळ

उत्तर : नाही रे, वितळल्या नाहीत! ह्या गोळ्या ज्याच्या बनतात ते नॅफ्थलीन वितळायला साधारण 80 अंश सेल्सिअस लागतात, मुंबईत कितीही उकडलं तरी कपाट एवढं तापत नाही. गोळीच्या वरच्या थरातले रेणू हळूहळू सुटत जातात आणि थेट हवेत मिसळतात, मधे पातळ होणं नाहीच, म्हणून साडीवर ओल दिसली नाही. ह्याला संप्लवन म्हणतात. कपाट उघडल्यावर जो उग्र वास येतो ना, तीच तुझी गोळी, वायू झालेली! कापूरपण असाच उडतो, म्हणून डबीचं झाकण घट्ट लावायचं. आणि हो, गोळ्या विषारी असतात, हाताळू नकोस, मुद्दाम हुंगूपण नकोस.