घड्याळ म्हणतं २६०, ॲप म्हणतं खा

या वेळचे सगळे प्रश्न एकाच पेचाभोवती फिरतात: दिवसाचं कॅलरीचं लक्ष्य ठरलेलं असताना व्यायामात गेलेल्या कॅलरींचं करायचं काय? उत्तरांतले आकडे प्रश्नकर्त्यांच्या वजन-उंचीचे आहेत. स्वतःचे आकडे घालून गणित पुन्हा मांडा.

प्रश्न: वय ३४, उंची १६२ सेंमी, वजन ७० किलो. वजन कमी करण्यासाठी ॲपने रोजचं लक्ष्य १५०० कॅलरी दिलं आहे. आठवड्यातले पाच दिवस ४५ मिनिटं भरभर चालते. घड्याळ त्याच्या २६० कॅलरी दाखवतं आणि ॲप लगेच सांगतं, ‘आज १७६० खाऊ शकता’. हे २६० खायचे की सोडून द्यायचे?

उत्तर: सोडून द्यायचे. पण का, ते समजून घ्या, कारण दुसऱ्या कुणासाठी याच प्रश्नाचं उत्तर ‘खायचे’ असंही असू शकतं.

ॲपने १५०० कुठून आणले ते आधी पाहू. बऱ्याच ॲपमध्ये १९९० सालचं मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र असतं: वजनाची (किलो) १० पट, अधिक उंचीची (सेंमी) ६.२५ पट, वजा वयाची ५ पट. मग स्त्रियांसाठी त्यातून १६१ वजा करायचे, पुरुषांसाठी ५ मिळवायचे. तुमचे आकडे घातले की ७०० + १०१२.५ − १७० − १६१, म्हणजे सुमारे १३८०. दिवसभर नुसतं पडून राहिलात तरी एवढा खर्च होतोच. त्याला हालचालीच्या गुणकाने गुणतात: बैठं काम असेल तर १.२, हलका व्यायाम असेल तर १.३७५, मध्यम असेल तर १.५५. तुमच्या १३८० ला १.३७५ ने गुणलं की १९०० येतात आणि त्यातून ४०० ची तूट काढली की १५००. याचा अर्थ, ॲप सुरू करताना ‘हलका व्यायाम’ हा पर्याय तुम्ही निवडलेला दिसतो. तुमचं चालणं लक्ष्यात आधीच धरलेलं आहे. ॲप आता तेच चालणं दुसऱ्यांदा जमेला धरतंय.

याचा फटका केवढा? आठवड्याला २६० × ५ = १३०० कॅलरी, म्हणजे रोजच्या सरासरी १८६. ठरवलेल्या ४०० च्या तुटीतली जवळजवळ निम्मी तूट इथेच भरून निघते. ‘सगळं काटेकोर करूनही वजन हलत नाही’ या तक्रारीच्या मुळाशी अनेकदा हीच दुहेरी नोंद असते.

मार्ग दोन आहेत, त्यातला एकच धरा. पहिला: लक्ष्य १५०० च ठेवा आणि चालण्याची नोंद फक्त मिनिटांत करा, कॅलरीच्या रकान्यात शून्य लिहा. घड्याळ ॲपला जोडलेलं असेल तर ‘व्यायामाच्या कॅलरी लक्ष्यात मिळवा’ अशा अर्थाची सेटिंग शोधून बंद करा. दुसरा: ॲपमध्ये ‘बैठं’ निवडा. मग दिवसाचा खर्च १६५६ धरला जाईल. त्यातून ३०० ची तूट काढली की लक्ष्य सुमारे १३५०. चाललात त्या दिवशी त्यात १७० मिळवा (२६० नव्हे, का ते पुढच्या उत्तरात). आठवड्याची बेरीज पहिल्या मार्गाने १०,५०० आणि दुसऱ्याने १०,३००, म्हणजे जवळपास तीच.

तुमच्यासारखा ठरलेला, रोजचा व्यायाम असेल तर पहिला मार्ग बरा. डोक्याला ताप नाही. एका आठवड्यात पाच दिवस आणि दुसऱ्यात एकच, किंवा एखाद्या दिवशी तीन तास सायकल असा प्रकार असेल, तर दुसरा.

प्रश्न: त्याच चालण्याचे घड्याळ २६० दाखवतं, ट्रेडमिल ३१०, आणि तक्त्यावरून हिशेब केला तर २२५ येतात. खरं कोणाचं मानायचं?

उत्तर: तक्त्याचं, तेही थोडं कापून. तक्ते ‘मेट’ या मापावर चालतात. शांत बसलेल्या माणसाचा खर्च म्हणजे १ मेट, ढोबळमानाने दर किलो वजनामागे तासाला १ कॅलरी. ताशी ५.६ किमी वेगाच्या चालण्याला ४.३ मेट धरतात. वजन ७० किलो, वेळ पाऊण तास: ४.३ × ७० × ०.७५ = २२५. पण त्या पाऊण तासात तुम्ही खुर्चीत बसला असतात तरी ५२ कॅलरी गेल्याच असत्या आणि त्या तुमच्या दिवसाच्या खर्चात आधीच मोजल्या आहेत. म्हणून गुणाकाराआधी मेटमधून १ वजा करायचा: ३.३ × ७० × ०.७५ = १७३. व्यायामामुळे खरोखर जास्तीचा झालेला खर्च एवढाच.

हेच इतर व्यायामांना लावा. ताशी ८ किमीने धावणं ८.३ मेट, ताशी ९.७ किमीने ९.८, संथ आसनांचा योग सुमारे २.५. मेट लक्षात ठेवायचे नसतील तर अंतरावरून: धावताना दर किलो वजनामागे किलोमीटरला सुमारे ०.९ कॅलरी, चालताना ०.५ ते ०.६. धावण्याचा वेग वाढवला तरी किलोमीटरमागचा आकडा फारसा बदलत नाही, वेळ तेवढा वाचतो.

ट्रेडमिल जास्त दाखवतं त्याची दोन कारणं नेहमीची. वजन भरलेलं नसतं, त्यामुळे यंत्र स्वतःचंच एखादं वजन गृहीत धरतं. आणि चालणारा कठडा धरून चालतो. अंगाचा भार हातांवर जातो, खर्च घटतो, पडद्यावरचा आकडा मात्र तसाच पळत राहतो. चढ लावून कठड्याला लोंबकळणाऱ्यांनी तर तो आकडा पाहूच नये.

घड्याळाचं दुखणं वेगळं. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटाने २०१७ मध्ये सात मनगटी उपकरणं तपासली. नाडीचे ठोके त्यातल्या सहांनी ५ टक्क्यांच्या आतल्या चुकीने मोजले, पण कॅलरींच्या बाबतीत सर्वांत चांगलं उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं आणि सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी. उपकरणं तेव्हापासून सुधारली असली तरी मूळ अडचण तीच आहे: घड्याळ ठोके मोजतं, कॅलरी त्यावरून ताडतं. उकाडा, कॉफी, अपुरी झोप, मनावरचा ताण, कशानेही ठोके वाढतात आणि त्यासोबत आकडाही. घड्याळाचाच आकडा वापरायचा असेल तर तो एकूण खर्चाचा आहे की निव्वळ व्यायामाचा, हे आधी पाहा. काही घड्याळं दोन्ही वेगवेगळे दाखवतात. मग निव्वळ आकड्याच्या दोन तृतीयांश धरा.

(सायकलला पॉवर मीटर, म्हणजे पॅडलवर लागणारा जोर मोजणारं उपकरण, असेल तर मात्र घड्याळाकडे पाहायची गरजच नाही. मीटरने दाखवलेले किलोजूल जवळपास तेवढ्याच कॅलरी समजाव्यात. शरीर खर्च केलेल्या ऊर्जेतली साधारण २२ ते २५ टक्केच पॅडलपर्यंत पोचवतं आणि एका कॅलरीत ४.१८ किलोजूल असतात. हे दोन आकडे एकमेकांना जवळजवळ छेदून जातात.)

प्रश्न: ॲपमध्ये एकच चालणं दोनदा दिसतं आणि कधीकधी संध्याकाळी ‘वजा ८०’ अशी नोंद येते. बिघाड आहे का?

उत्तर: दोनदा दिसणं हा जोडणीतला घोळ आहे. फोन पावलं मोजतो, घड्याळही मोजतं, आणि वर तुम्ही हाताने नोंद करता. पावलांचा स्रोत एकच ठेवा आणि घड्याळाने टिपलेला व्यायाम हाताने पुन्हा लिहू नका. लिहायचाच असेल तर सुरुवातीची वेळ अचूक घाला. जुळवणी करणारी ॲप वेळेवरूनच ओळखतात की हा तोच व्यायाम आहे.

वजा नोंद हा बिघाड नाही. निवडलेल्या गुणकापेक्षा तुमची त्या दिवसाची हालचाल कमी झाली, एवढंच ॲप सांगतं आहे. ‘अधिक’ (+) नोंदी हव्या असतील तर ‘वजा’ नोंदीही चालू ठेवा. फक्त नफा मोजून तोटा झाकला तर आठवड्याची बेरीज फसवी होते. दुपारचे आकडे हे अंदाज असतात, रात्रीपर्यंत ते बदलतात. त्यांच्या भरवशावर जेवण वाढवू नका.

प्रश्न: तासभर वजनं उचलतो (वजन ७० किलो). घड्याळ ४०० कॅलरी दाखवतं, ॲप शून्य. आणि ‘व्यायामानंतरही कॅलरी जळत राहतात’ ते किती धरायचं?

उत्तर: तासातला बराच वेळ दोन सेटच्या मधल्या विश्रांतीत जातो. साधारण वजन-व्यायामाला ३.५ मेट धरले तर २.५ × ७० = १७५. वजन उचलताना स्नायू आवळलेले असतात, श्वास रोखला जातो, ठोके उसळतात. पण त्या प्रमाणात प्राणवायू वापरला जात नाही. घड्याळाला हा फरक कळत नाही, म्हणून ४००. नंतरचा जास्तीचा खर्च व्यायामाच्या निव्वळ खर्चाच्या ६ ते १५ टक्के, म्हणजे तुमच्या बाबतीत १० ते २५ कॅलरी. तो मोजू नका.

प्रश्न: आजच्या व्यायामाच्या कॅलरी उद्या खाल्ल्या तर चालतील का?

उत्तर: चालतील. शरीर मध्यरात्री खातं बंद करत नाही, आठवड्याची बेरीज जमली म्हणजे झालं. अपवाद इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातली औषधं घेणाऱ्यांचा: व्यायाम आज आणि खाणं उद्या असं केलं तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. व्यायामाच्या दिवशी खाणं आणि औषधाची मात्रा कशी जुळवायची, हे त्यांनी डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावं.

प्रश्न: चार आठवडे रोज सरासरी १७०० खाल्ले, व्यायामही नोंदला. ॲपप्रमाणे रोज ४५० ची तूट होती. वजन फक्त ८०० ग्रॅम उतरलं. चूक कुठे?

उत्तर: चार आठवड्यांच्या नोंदी आहेत हे उत्तम, आता सूत्रांची गरज उरली नाही. शरीरातल्या एक किलो चरबीला सुमारे ७७०० कॅलरी धरतात. ०.८ × ७७०० ÷ २८ = २२०. तुमचा खरा खर्च १७०० + २२० = १९२०. ॲप तो २१५० मानत होतं. यापुढे १९२० हाच पाया धरा. व्यायाम त्यात आलेला आहे, त्यामुळे वेगळं काही मिळवायचं नाही. ४५० ची तूट हवी असेल तर लक्ष्य १४७०. आमच्या मते ३०० ची पुरे, म्हणजे १६२०.

फक्त ‘८०० ग्रॅम’ कसे मोजले ते तपासा. पहिल्या आणि शेवटच्या दिवसाचं वजन नको. रोज सकाळी एकाच वेळी वजन करून पहिल्या आणि चौथ्या आठवड्याच्या सरासऱ्या घ्या. त्यांच्यात २१ दिवसांचं अंतर पडतं, म्हणून तेव्हा २८ ऐवजी २१ ने भागा. स्नायूंत साठणाऱ्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत (साखरेचा साठा) सुमारे ३ ग्रॅम पाणी राहतं. नव्या व्यायामाने दुखऱ्या झालेल्या स्नायूंत पाणी धरलं जातं, पाळीच्या आधीही धरलं जातं. काट्यावर किलोभराची वरखाली यातूनच होते.

उरलेली २३० ची तफावत बहुधा तीन ठिकाणी वाटली गेली आहे. नोंदलेला व्यायाम फुगलेला. खाण्याची नोंद आकसलेली: न मोजता ओतलेलं तेल घ्या, १५ मिली तेलात १२० कॅलरी असतात. आणि तिसरी जागा सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही: व्यायाम केलेल्या दिवशी माणूस उरलेल्या वेळात कमी हलतो. हर्मन पाँट्झर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये टांझानियातल्या हाड्झा या शिकारी-संग्राहक लोकांचा रोजचा खर्च मोजला. दिवसभर पायपीट करूनही, शरीराचं आकारमान लक्षात घेता, तो शहरी लोकांच्या खर्चाइतकाच निघाला. शरीर एका बाजूचा वाढलेला खर्च दुसरीकडे काही प्रमाणात कापतं. म्हणून कागदावरचे व्यायामाचे १७० काट्यावर पूर्ण १७० उमटतीलच असं नाही.

प्रश्न: वजन ५८ किलो, त्यात चरबी सोडून ४५ किलो. लांब पल्ल्याच्या शर्यतीची तयारी म्हणून आठवड्यातले पाच दिवस १३ किमी धावते. लक्ष्य १७०० आहे, व्यायामाच्या कॅलरी मुळीच खात नाही. हल्ली थकवा असतो आणि पाळी लांबते.

उत्तर: वरची सगळी काटकसर तुमच्यासाठी नाही. तुम्ही खायलाच हवं. १३ किमी × ५८ × ०.९ म्हणजे सुमारे ६८० कॅलरी धावण्यात जातात. १७०० मधून त्या गेल्या की १०२० उरतात. त्यांना ४५ किलोने भागलं तर दर किलोला २३ सुद्धा येत नाहीत. हा आकडा ३० च्या खाली राहिला की शरीर संप्रेरकं, हाडं, प्रतिकारशक्ती यांच्यावरचा खर्च आवरू लागतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला ‘रेड-एस’ असं नाव दिलं. ४५ च्या आसपासचा आकडा निर्धोक मानतात.

३० गाठायलाच धावण्याच्या दिवशी १३५० + ६८० = २०३० कॅलरी लागतात, ४५ साठी २७०० च्या वर. शर्यत होईपर्यंत वजन घटवणं बाजूला ठेवा, दर आठवड्याला रोजच्या कॅलरी दीडशे-दोनशेने वाढवत जा आणि ती वाढ धावण्याच्या आधी व नंतर खा. पाळी तीन महिने आली नसेल, किंवा नडगीवर अथवा पावलात एकाच ठिकाणी बोट ठेवल्यावर दुखत असेल, तर धावणं थांबवून डॉक्टरांना दाखवा आणि जाताना ॲपमधल्या खाण्याच्या व धावण्याच्या महिनाभराच्या नोंदी सोबत न्या.