मेडिचींची खतावणी

पत्र : मी सांगलीत कर सल्लागार आहे. मुलगी बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला. सीए फाउंडेशन पहिल्या झटक्यात निघाली, इंटरचा क्लासही लावला होता. दिवाळीनंतर मात्र तिचं एकच सुरू आहे – सीए नको, बीकॉमही सोडते, मला ‘रेनेसाँ’चा, म्हणजे युरोपातल्या प्रबोधनकाळाचा इतिहास शिकायचाय. इटलीतली चित्रं, मेडिची घराणं, युरोपचे राजे वगैरे. तीन महिने घरात आमचं धड बोलणं नाही. यात पोट भरतं का? निदान यूपीएससीला तरी उपयोग होईल का? तिला तुम्हीच समजवा.

उत्तर :

नमस्कार.

तिला समजवायचं काम तुम्ही माझ्यावर सोपवलंत, पण सुरुवात तुमच्यापासून करावी लागेल. मुलगी जमाखर्चाच्या वह्या टाकून चित्रांच्या मागे निघाली, असं तुम्ही धरून चाललात. ती ज्या गावाला निघालीय, ते गाव वह्यांनीच भरलंय.

1427 साल. फ्लोरेन्स शहराचं मिलानशी युद्ध चाललेलं, तिजोरीत खडखडाट. शहराने नवा कर आणला, त्याचं नाव कातास्तो. प्रत्येक कुटुंबप्रमुखाने आपलं विवरणपत्र भरून द्यायचं. शेती किती, दुकानात भागीदारी किती, येणं किती, देणं किती आणि घरात खाणारी तोंडं किती. होय, हिशेब तोंडांचाच होता. दर तोंडामागे 200 फ्लोरिनची (फ्लोरिन म्हणजे तिथलं सोन्याचं नाणं) वजावट, राहतं घर करमुक्त. एकट्या शहरातून जवळजवळ दहा हजार कुटुंबांची विवरणं आली आणि ती आजही फ्लोरेन्सच्या अभिलेखागारात आहेत. त्यात एक विवरण मझाच्चो नावाच्या चित्रकाराचं आहे. वय पंचवीस, आई आणि धाकटा भाऊ सोबत, आणि देणेकऱ्यांची नावं. त्याच सुमारास हा मुलगा ब्रांकाची चॅपेलच्या भिंतीवर जे चित्र काढत होता, ते युरोपच्या चित्रकलेतलं एक मोठं वळण मानतात. त्या चित्राचा विषय ठाऊक आहे? कर वसूल करणारा माणूस दारात उभा आहे आणि येशू पीटरला सांगतोय, जा, माशाच्या तोंडातून नाणं काढून आण आणि याचं देणं चुकतं कर.

तुमच्या ऑफिसात जुलै महिन्यात जे चालतं, त्यापासून हे फार लांब आहे का?

आता मेडिची, फ्लोरेन्सचं सावकारी घराणं. त्यांची बँक सुरू झाली 1397 मध्ये. व्याज घेणं चर्चच्या लेखी पाप. म्हणून मग हुंडी. फ्लोरेन्समध्ये फ्लोरिन द्यायचे, लंडनला तीन महिन्यांनी स्टर्लिंगमध्ये घ्यायचे आणि नफा चलनाच्या भावात लपवायचा. आपल्या सावकारी पेढ्यांना यातलं काही नवीन वाटलं नसतं. या पैशावर कोझिमो मेडिचीने 1434 पासून शहर चालवलं, राजा न होता. पुढे बँक खिळखिळी झाली त्याची कारणं अनेक, पण ठळक एक – राजेरजवाड्यांना दिलेली उधारी. लंडन शाखेने इंग्लंडच्या चौथ्या एडवर्डला दिलं, ब्रुझ शाखेने बरगंडीच्या ड्यूक शार्लला. शार्ल 1477 मध्ये लढाईत मेला. ब्रुझचा शाखाप्रमुख पोर्तिनारी याने मालकाला खड्ड्यात घातलं आणि स्वतःसाठी एक भव्य वेदीचित्र काढून घेतलं. ते आज उफ्फीझी संग्रहालयात आहे, लोक रांग लावून बघतात. बँकेचा ताळेबंद बघायला कुणी रांग लावत नाही.

राजेशाह्यांचा उदय म्हणतात तो इथेच दिसतो. फ्रान्सच्या राजाकडे 1445 पासून पगारी कायम फौज होती आणि तिच्यासाठी दरवर्षी वसूल होणारा कर. इटलीतली शहरं श्रीमंत, पण लढाईला भाडोत्री सरदार घेणारी. 1494 मध्ये फ्रान्सचा राजा आठवा शार्ल तोफा घेऊन आल्प्स उतरला. त्याच वर्षी मेडिची फ्लोरेन्समधून हाकलले गेले आणि बँक बुडाली. आणि त्याच वर्षी व्हेनिसमध्ये लुका पाचोली या संन्याशाने गणिताचा जाडजूड ग्रंथ छापला. त्यात दुहेरी नोंदीची पद्धत पहिल्यांदा छापील रूपात आली. (शोध त्याचा नव्हे, व्यापारी ती दीडेकशे वर्षं तरी वापरत होते. श्रेय लिहिणाऱ्याला मिळतं, ही तक्रार तुमच्या व्यवसायातही असेलच.) इंग्लंडचा सातवा हेन्री तर जमाखर्चाच्या पानांवर स्वतः सही करायचा. 1519 मध्ये पाचवा चार्ल्स पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट म्हणून निवडून आला तो मतदार राजपुत्रांना साडेआठ लाख फ्लोरिन वाटून. त्यातले पाच लाखांवर आउग्सबुर्गच्या फुगर सावकाराचे. चार वर्षांनी फुगरने सम्राटाला पत्र लिहून आठवण दिली, माझ्याशिवाय तुम्हाला मुकुट मिळाला नसता, पैसे परत करा. वसुलीचं असं पत्र तुम्हीही कधी तरी लिहिलं असेल, फक्त समोर सम्राट नसेल.

एवढं लांबण लावलं ते एका माणसापाशी यायला. मेडिची बँकेच्या गुप्त खतावण्या 1950 मध्ये फ्लोरेन्सच्या अभिलेखागारात ज्याच्या हाती लागल्या आणि ज्याने त्या बँकेचा इतिहास लिहिला, तो रेमंड द रूव्हर. मूळचा बेल्जियमचा, आणि आधी पेशाने हिशेबनीस. नावे-जमा कळत असल्यामुळेच ती पानं त्याला उलगडली. कलेचे जाणकार त्या कपाटांवरून वर्षानुवर्षं पुढे जात होते.

म्हणून पहिलं उत्तर : बीकॉम सोडू द्यायचं नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून नव्हे. या विषयात तिच्याकडे असलेलं ते एकमेव हत्यार आहे. इतिहासाच्या बी.ए.ला बसलेल्या शंभरांत ताळेबंद वाचता येणारी दोन मुलं सापडणार नाहीत. तिसरं वर्ष पुरं करावं, मग इतिहासाच्या एम.ए.ला यावं. बऱ्याच विद्यापीठांत कुठल्याही शाखेच्या पदवीधराला प्रवेश मिळतो, पण त्या-त्या वर्षीचं माहितीपत्रक बघूनच ठरवा. सीएचं म्हणाल तर मी मधे पडणार नाही. मनाविरुद्ध इंटर देणारी मुलं मी पुष्कळ पाहिलीत. त्यांची वर्षं जातात आणि ग्रुपही निघत नाही.

दुसरं, यूपीएससी. नाही, उपयोग नाही. मुख्य परीक्षेतला जगाचा इतिहास अठराव्या शतकापासून सुरू होतो. वैकल्पिक इतिहासातही युरोप येतो तो प्रबोधनकाळ ओलांडून, रूसो-कांटपासून. त्या काळातला फ्लोरेन्सचा विचारवंत मॅकियाव्हेली भेटतो तो राज्यशास्त्राच्या पेपरात, एखाद्या प्रश्नापुरता. नेटचा, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेचा, इतिहासाचा अभ्यासक्रम बहुतांशी भारताचा. प्राध्यापकीच्या आशेवर हा विषय निवडत असाल तर तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या एखाद्या नेटधारकाशी आधी चहा घ्या. मी आकडे सांगण्यापेक्षा तो सांगेल ते जास्त खरं असेल.

मग पोट कशावर? इथे तुमच्या मुलीशी थेट बोलतो.

बाळ, दरवर्षी दोन-तीन मुलं माझ्याकडे लिओनार्दोच्या प्रेमात पडून येतात. मी त्यांना पंधराव्या शतकातल्या व्यापाऱ्याच्या पत्राचा एक फोटो दाखवतो. मेर्कांतेस्का लिपी – अक्षरं एकमेकांत अडकलेली, शब्द अर्धे तोडलेले, हात न उचलता लिहिलेलं. आपल्या मोडीसारखंच. बहुतेकांचं प्रेम तिथेच ओसरतं. ज्याला ते पान सोडवावंसं वाटतं, त्याच्याशी मी पुढचं बोलतो. तुझं काय होतं ते तू बघ.

फ्लोरेन्समध्ये जाऊन इटालियन मुलांशी त्यांच्याच अंगणात टक्कर घेणं अवघड आहे, पण बाजूचं एक दार तुझ्यासाठी उघडं आहे. त्याच काळातली एक राजेशाही थेट आपल्या किनाऱ्यावर आली, पोर्तुगालची. 1510 मध्ये गोवा घेतला. गुजरातच्या सुलतानाने दिलेला गेंडा 1515 मध्ये गोव्याहून लिस्बनला पोचला. राजा मानुएलने तो पोपला भेट पाठवला. पोप कोण, तर लोरेन्झो मेडिचीचा मुलगा, दहावा लिओ. जहाज इटलीच्या किनाऱ्याजवळ बुडालं, गेंडाही. जर्मन चित्रकार ड्यूररने त्याचं लाकडी ठशाचं चित्र काढलं, जनावर न बघताच. तू ज्याला रेनेसाँ म्हणतेस तो असा आपल्या दारावरून गेलेला आहे. पणजीच्या पुराभिलेखागारात ‘मोन्सोंइश’चे बाड आहेत. लिस्बनचा राजा आणि गोव्याचा व्हाइसरॉय यांची, मोसमी वाऱ्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांतून गेलेली पत्रं. गोव्याचे इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांनी या दफ्तरांतून मराठ्यांचा इतिहास काढला. त्यांच्यामागून पोर्तुगीज, मोडी आणि हिशेब ही तिन्ही येणारं माणूस शोधायला गेलं तर हाताची बोटंही जास्त होतील.

म्हणून भाषा आत्ताच सुरू कर. गोवा विद्यापीठात पोर्तुगीज रीतसर शिकवतात, मोडीचे वर्ग महाराष्ट्रात ठिकठिकाणी चालतात. पोर्तुगीज आली की स्पॅनिश निम्मी येते, आणि स्पेनच्या सरकारी अभिलेखागारांतली लाखो पानं इंटरनेटवर फुकट उघडतात. इटलीला जायचंच असेल तर इथलं एम.ए. करून जा. तिथल्या सरकारी विद्यापीठांची फी घरच्या उत्पन्नावर ठरते आणि प्रांताची शिष्यवृत्तीही असते. बीकॉमवरून थेट इतिहासाला घेणं त्यांना जड जातं.

आणि पगाराचं. रिझर्व्ह बँकेचं अभिलेखागार पुण्यात आहे, टाटांचं मध्यवर्ती अभिलेखागारही पुण्यात, गोदरेजचं मुंबईत. जागा मोजक्या असतात, पण जुन्या कंपनीची खतावणी हातात घेऊन ती काय सांगते हे कळणाऱ्याची गरज अशाच ठिकाणी असते. तेही नाही जमलं, तर बीकॉम अधिक पोर्तुगीज किंवा स्पॅनिश एवढ्यावर परदेशी ग्राहकांची हिशेबाची कामं करणाऱ्या कंपन्यांत उभं राहता येतं. घर चालेल. श्रीमंत होशील असं मी सांगत नाही.

मुंबईला कधी आलीस तर एशियाटिक सोसायटीत चक्कर टाक. इटालियन कवी दान्तेच्या महाकाव्याचं जुनं हस्तलिखित तिथे आहे, एल्फिन्स्टनने दिलेलं. रोज बाहेर मांडलेलं नसतं, आधी चौकशी कर.

आता पुन्हा तुम्ही, साहेब. निर्णय लगेच घेऊ नका, पण अबोला आधी संपवा. त्यासाठी एक काम देतो. 1427 च्या कातास्तोची माहिती इंग्रजीतून इंटरनेटवर आहे. नाव, धंदा, मालमत्ता, वजावट, तोंडं, सगळं रकान्यांत. एका रविवारी दोघांनी बसून एक लोकरवाला निवडायचा. तिने वाचायचं, तुम्ही त्याची करपात्र मालमत्ता काढायची. दर अर्धा टक्का. घरात आई, बायको, चार पोरं असतील तर माणशी 200 धरा, आणि राहतं घर चुकून मालमत्तेत घेऊ नका.