वाचकांचे प्रश्न : फंक्शन शेजारच्या मॉड्यूलचं, स्क्रिप्ट आपली

प्रश्न : नमस्कार सर, मी परभणीचा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. ठिबकसाठी प्रोजेक्ट करायलोत, त्यात दोन कर्नल मॉड्यूल (लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमधे, घालायचे कोडचे तुकडे) लिहिलेत, एक मातीचा ओलावा मोजणाऱ्या सेन्सरचं आन दुसरं मोटर चालू-बंद करणारं. मोटर चालू होताना ओलावा किती होता ते बघायचंय म्हणून सिस्टमटॅपची (चालू कर्नलमधे डोकावायचं साधन) स्क्रिप्ट लिहिली, मोटरच्या फंक्शनवर प्रोब (ते फंक्शन चाललं की आपला कोड चालवणारा पहारा) लावला आन तिथूनच ओलावा मॉड्यूलमधलं वाचायचं फंक्शन बोलावलं. सिस्टमटॅपचे चार पास (टप्पे) नीट होतात, पाचव्याला ‘अननोन सिंबॉल इन मॉड्यूल’, म्हणजे मॉड्यूलमधलं नाव ओळखीचं नाही, म्हणतंय. मॉड्यूल लोड आहे, फंक्शन त्यात आहे, मग सापडत का नाही?

उत्तर : दादा, आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या, बाकी सगळं त्यातूनच सुटतं. सिस्टमटॅप तुमची स्क्रिप्ट ओळीओळीनं वाचून चालवत नाही. ती स्क्रिप्ट वाचतो, त्यातली नावं शोधतो, सगळ्याचं सी मधे भाषांतर करतो, ते कंपाइल करून कर्नल मॉड्यूल बनवतो आणि पाचव्या पासला ते मॉड्यूल कर्नलमधे घालतो. म्हणजे तुमची स्क्रिप्ट हे तिसरं मॉड्यूलच झालं, आणि एका मॉड्यूलला दुसऱ्याचं फंक्शन दिसायचं तर जे नियम आहेत तेच हिला पण लागू.

आणि नियम असा की फंक्शन मॉड्यूलमधे असून भागत नाही, ते ‘एक्सपोर्ट सिंबॉल’ लिहून बाहेर द्यावं लागतं. तुमच्या ओलाव्याच्या कोडमधे ती ओळ आहे का बघा, आणि फंक्शनच्या पुढं स्टॅटिक (म्हणजे त्याच फाइलपुरतं) लिहिलं असेल तर काढा. बरेच जण कॉलसिम्सच्या, म्हणजे कर्नलमधल्या नावांच्या, यादीत नाव दिसलं की खुश होतात, नावापुढं मोठा टी आहे म्हणजे झालं असं समजतात, पण मोठा टी म्हणजे फक्त ग्लोबल, एक्सपोर्ट झालेलं असलंच असं नाही. त्याच यादीत ‘केसिमटॅब’ (एक्सपोर्टची खूण) लागून तेच नाव परत आलंय का ते बघा. जीपीएलवाला (जीपीएल म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरचा एक परवाना) एक्सपोर्ट वापरला तरी चालतं, सिस्टमटॅपचं मॉड्यूल स्वतः जीपीएलच असतं.

एक्सपोर्ट केलं आणि तरी अडलं तर ‘मॉड्यूल डॉट सिमवर्स’ या एक्सपोर्ट झालेल्या नावांच्या फाइलकडं वळा. कर्नलसोबत आलेल्या मॉड्यूलची नावं कर्नलच्या बिल्ड फोल्डरमधल्या फाइलीत असतात, पण तुमचं मॉड्यूल बाहेरचं, त्याची नावं तुमच्याच फोल्डरमधल्या फाइलीत. म्हणून स्टॅपला (सिस्टमटॅपची कमांड) मोठा बी देऊन ‘केबिल्ड एक्स्ट्रा सिंबॉल्स’ला त्या फाइलीचा पूर्ण पत्ता द्या. ओलावा मॉड्यूल आधीच लोड करून ठेवा, स्क्रिप्ट ते आपोआप ओढून आणत नाही. आणि स्क्रिप्ट चालू असेपर्यंत ते काढता पण येणार नाही, एलएसमॉडमधे (लोड झालेल्या मॉड्यूलच्या यादीत) त्याच्यापुढं स्टॅपचं नाव लागलेलं दिसेल, घाबरू नका.

आता हे सगळं जमलं असं धरू. तरी पण मी म्हणतो थांबा, कारण खरी काळजी मला इथंच वाटायलीय. सी चा तुकडा घालून फंक्शन बोलवायचं म्हणजे मायनस जी, म्हणजे गुरू मोड, आणि तिथं सिस्टमटॅपची राखण संपते, त्या तुकड्यात काय चाललंय ते तो तपासत नाही. प्रोबचा हँडलर, म्हणजे प्रोबमधला तुमचा कोड, चालतो तेव्हा झोपायची, म्हणजे थांबून वाट बघायची, परवानगी नसते. म्युटेक्स (मिळेपर्यंत झोपवणारं लॉक) घ्यायचा नाही, मेमरीसाठी वाट बघायची नाही. तुमचा सेन्सर आयटूसीवर (सेन्सर जोडायची दोन तारांची पद्धत) असेल तर ते वाचायचं फंक्शन उत्तराची वाट बघत झोपणार म्हणजे झोपणार. दुसरं, मोटरचं फंक्शन एखादं स्पिनलॉक (मिळेपर्यंत न झोपता जागीच फिरत ठेवणारं लॉक) धरून बोलावलं जात असेल आणि ओलाव्याच्या फंक्शनला पण तेच लॉक लागत असेल तर मशीन जागीच गोठतं, कीबोर्ड सुद्धा ऐकत नाही. माझं एकदा लातूरला असंच झालं, रात्रभर गोळा केलेली नोंद डिस्कवर उतरली नव्हती ती सगळी गेली, तेव्हापासून असले प्रयोग मी व्हर्च्युअल मशीनमधेच करतो, तुम्ही पण तसंच करा.

आणि मला सांगा, बोलवायची गरजच काय? ओलाव्याचं मॉड्यूल तसंही ठराविक वेळानं वाचत असेलच ना. मग त्या वाचायच्या फंक्शनवर रिटर्न प्रोब (फंक्शन संपून परत येताना चालणारा) लावा, डॉलर रिटर्नमधली किंमत एका ग्लोबलमधे ठेवा, आणि मोटरच्या प्रोबमधे तो ग्लोबल छापा. गुरू मोड नको, एक्सपोर्ट नको, सिमवर्स नको, स्टॅटिक फंक्शन असलं तरी चालतं, फक्त कंपायलरनं ते इनलाइन केलेलं (बोलावणाऱ्याच्या कोडमधेच मिसळलेलं) नसावं, नाहीतर रिटर्न प्रोब बसत नाही. डीबगइन्फो (कोडमधल्या नावांची, टाइपची माहिती) लागेल, म्हणून दोन्ही मॉड्यूल ‘मॉड्यूल्स इन्स्टॉल’ करून कर्नलच्या फोल्डरमधे टाका म्हणजे स्टॅपला सापडतात. रात्री लाईट आल्या आल्या मोटर सुरू झाली तेव्हा वाफसा होता का पाणी वाया गेलं, हे एवढ्यावर कळतंय.

बोलवायचंच असेल तर ओलाव्याच्या मॉड्यूलमधे एक वेगळं छोटं फंक्शन लिहा जे शेवटची साठवलेली किंमत नुसती परत देतं, ना लॉक ना वाट बघणं, आणि तेवढंच एक्सपोर्ट करा. स्क्रिप्टमधे वर त्याचा प्रोटोटाइप लिहा, किंमत ‘स्टॅप रिटव्हॅल्यू’मधे टाका. जुन्या लेखांमधे ‘धिस’ आणि बाण दिसेल, ती सिस्टमटॅप 1.8 च्या आधीची पद्धत.

प्रश्न : मी पण हेच करायलेय, पण फंक्शन दुसऱ्याच्या मॉड्यूलमधे स्टॅटिक आहे. ‘कॉलसिम्स लुकअप नेम’ या नावावरून पत्ता देणाऱ्या कर्नलच्या फंक्शननं पत्ता काढून बोलावलं तर? — नांदेडहून एक वाचक

उत्तर : ताई, 2020 मधे आलेल्या 5.7 कर्नलपासून ते लुकअप नेमचं फंक्शनच एक्सपोर्ट होत नाही, त्यामुळं नव्या मशीनवर तुमची स्क्रिप्ट परत त्याच अननोन सिंबॉलवर अडेल. पत्ता दुसरीकडून मिळवला तरी तुम्हाला हवं ते स्टॅटिक फंक्शन लिहिणाऱ्यानं बाहेरच्यांसाठी लिहिलेलं नाही, कोणतं लॉक आधी धरायचं ते फक्त त्याच्या आतल्या कोडला माहीत. त्याच्यावर प्रोब लावून डॉलर चिन्हानं त्याचे आर्ग्युमेंट वाचा, स्ट्रक्चरच्या आतली फील्ड पण बाणानं वाचता येतात. काय वाचता येतंय याची यादी हवी असेल तर स्टॅपला मोठा एल देऊन त्या प्रोबचं नाव लिहा.