बोटीवरची परिषद

प्रिय डॉक्टरीणबाई,

परवा माझ्या टेबलावर ठेवून गेलीस ते चकचकीत पत्रक आज दुपारी, पेशंट संपल्यावर, नीट वाचलं. मुंबईहून बोट, चार रात्री, लक्षद्वीपला जाऊन परत. सकाळी व्याख्यानं, रात्री जेवण आणि गाणी. खाली 'जागा मर्यादित'. (जागा अमर्यादित असलेली परिषद मी अजून पाहिलेली नाही.) जाऊ का, असं विचारलंस. जा की. फक्त तिकीट कोण काढतंय ते तू सांगितलं नाहीस, आणि मला वाटतं मुद्दामच सांगितलं नाहीस.

मी एकदा औषध कंपनीच्या पैशानं गेलोय. खूप जुनी गोष्ट. बाल्कनीची खोली होती, घरच्यांनाही बोलावलं होतं. परत आल्यावर त्यांचा एमआर, म्हणजे औषधांची जाहिरात करत फिरणारा प्रतिनिधी, क्लिनिकमध्ये आला, 'सर, ट्रिप कशी झाली?' एवढंच विचारून गेला. काही मागितलं नाही त्यानं. पण महिन्याभरानं माझीच प्रिस्क्रिप्शनं चाळताना दिसलं, की आधी जिथे स्वस्त गोळी लिहीत होतो तिथे त्यांचं नाव पडत होतं. पैसे जात होते पेठेतल्या पेन्शनरांच्या खिशातून. ते आठवलं की अजून चरफडायला होतं.

पुढे डिसेंबर २००९ मध्ये मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियानं आचारसंहितेत भर घातली. औषध कंपनीकडून रेल्वेचं, विमानाचं तिकीट घ्यायचं नाही, आणि त्याच ओळीत जहाज नि क्रूझ हेही शब्द आहेत. परिषदेला जाण्यासाठीसुद्धा नाही, आणि घरच्यांसाठीही नाही. 'क्रूझ' हा शब्द नियमात उगाच येत नाही! २०२४ मध्ये केंद्रानं कंपन्यांसाठीही तशी संहिता आणली. तेव्हा 'सगळेच जातात' हे मला सांगू नकोस. स्वतःच्या पैशानं साधी, खिडकी नसलेली खोली घे. खोलीत तू झोपण्यापुरतीच असणार.

डॉक्टरांच्या नोंदणीच्या नूतनीकरणाला लागणाऱ्या पॉइंट्सचं म्हणशील तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलला पाच वर्षांत ३० लागतात. ते पुण्यात रविवारच्या सीएमई, म्हणजे डॉक्टरांसाठीची शिकवणीची सत्रं, करूनही जमतात. पॉइंट्ससाठी समुद्रात जाऊ नकोस, आणि जाणारच असशील तर मान्यता मिळाली आहे की 'मिळणार आहे', ते आयोजकांकडून लेखी घे.

मग जायचं कशाला? पुण्यातल्या परिषदेत आपण काय करतो ते आठव. उद्घाटन, चहा, एक व्याख्यान, की ओपीडीचा फोन येतो आणि आपण पार्किंगमध्ये. बोलायला आलेली मोठी माणसंही आपलं भाषण झालं की विमानतळाच्या रस्त्याला लागतात. बोटीवर त्यांना पळायला जागाच नाही. सकाळी इडलीच्या रांगेत तीच, रात्री डेकवर कठड्याला टेकून तीच.

माझ्या दुसऱ्या खेपेला (स्वखर्चानं) न्याहारीला एक वयस्कर नेफ्रॉलॉजिस्ट (मूत्रपिंडाचे डॉक्टर) समोर बसले. त्यांचं व्याख्यान आदल्या दिवशी झालं होतं आणि मला त्यातलं काही आठवत नव्हतं. सांबारात इडली कुस्करत ते म्हणाले, "तुमच्याकडे चक्कर येते म्हणणाऱ्या म्हाताऱ्या किती? त्यातल्या कितींना बीपीसाठी क्लोरथॅलिडोन देता? आणि त्या गोळीनं रक्तातलं सोडियम उतरतं, ते कितींचं बघता?" मी गप्प. नारायण पेठेतल्या एक आजी डोळ्यांसमोर आल्या. तीन महिने त्यांना मी 'वय झालं' म्हणत होतो. परत येऊन तपासलं, सोडियम १२२, फारच कमी. गोळी बंद केली, नीट उपचार केले. पंधरा दिवसांनी आजी काठी न घेता जिना चढून आल्या आणि फी द्यायला विसरल्या. मीही आठवण केली नाही.

तेव्हा प्रश्न घेऊन जा. सतावणाऱ्या चार-पाच केसेस वहीत लिहून ने, नावं न घालता. मोबाईलवर विसंबू नकोस. किनारा सुटला की रेंज जाते, आणि फोन चुकून बोटीच्या नेटवर्कला जोडला गेला तर बिल बघून तुझंच बीपी वाढेल. एअरप्लेन मोडवर टाक.

बोट लागते. अरबी समुद्राला आपल्या डिग्र्या ठाऊक नसतात. मी एका वक्त्याला पोडियम दोन्ही हातांनी धरून बोलताना पाहिलंय, आणि समोरची निम्मी सभा हळूच उठून जाताना. खोली खालच्या मजल्यावर, मधोमध माग, तिथे डोलणं कमी असतं. अवोमिन, ती बोट लागण्यावरची गोळी, उलटी व्हायच्या आधी घ्यायची, नंतर नाही. तुझा पेपर असेल त्या सकाळी मात्र नको, झोप येते. जेवणाआधी हात साबणानं धू. उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसला सॅनिटायझरची फारशी भीती नाही, हे तुला मी सांगायला नको, पण बुफेच्या दारात डॉक्टरच बाटली दाबून पुढे जाताना दिसतात.

बोट कुणासाठी थांबत नाही, त्यामुळे त्या दिवशी एक्स्प्रेसवेनं निघून घाटात अडकू नकोस. डेक्कन क्वीननं सीएसएमटीला उतर, तिथून बॅलार्ड पिअर जवळ आहे.

आईला न्यायचं म्हणत होतीस. ने, तिचंही तिकीट तूच काढ, आणि बरोबर आलेपाक ठेव.

तुझी ओपीडी चार दिवस मी बघतो, पण सकाळचीच. वॉरफेरिनवर (रक्त पातळ करायच्या गोळीवर) कोण आहे, कुणाचा रिपोर्ट यायचाय, ती यादी आदल्या रात्री आणून दे. कागदावर, व्हॉट्सॲपवर नको. आणि तुझ्या त्या कोथरूडच्या रागीट आजोबांना तू बाहेरगावी आहेस हे तूच आधी सांग. ते माझं ऐकत नाहीत.

तुझा,
सर