सुट्टीत घरचं जेवण सोसत नाही

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, होस्टेलवर राहते. गाव कोरेगाव तालुक्यात. दिवाळीत आणि मे महिन्यात घरी येते. आमचं कुटुंब एकत्र आहे : आजी, आई-बाबा, काका-काकी, त्यांची मुलं. मी आले की रोज पंगत. सकाळी चहाबरोबर फराळाचं ताट, दुपारी पुरणपोळी नाहीतर श्रीखंड-पुरी, चारला पुन्हा चिवडा-चकली आणि रात्री कुणीतरी आलेलं असतं म्हणून मटण. भाऊबीजेला मामांकडे, मग आत्याकडे. चौथ्या दिवसापासून छातीत जळजळतं, पोट फुगतं. नको म्हटलं तर आजी म्हणते, "पुण्याला गेलीस आन् आमचं जेवाण नको झालं व्हय गं?" आणि दिवसभर माझ्याशी बोलत नाही. सुट्टीनंतर लगेच परीक्षा असते. जेवून अभ्यासाला बसले की डोळे मिटतात. परत गेल्यावर मेसची भाजी घशाखाली उतरत नाही ते वेगळंच. आजीला न दुखावता नाही कसं म्हणायचं?
— एक विद्यार्थिनी, ता. कोरेगाव

उत्तर : नाही म्हणायची वाट शोधूच नकोस. आजीकडे काहीतरी माग.

सकाळी उठलीस की तिच्यापाशी जाऊन बस आणि म्हण, "आजी, वाघ्या घेवड्याची आमटी आणि भाकरी कर ना. पुण्यात मिळत नाही." हा राजम्यासारखा घेवडा तुमच्याच कोरेगावचा. त्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, पण पुण्यातल्या मेसमध्ये तो तुझ्या ताटात कधी आलाय का? आजी लगेच डबा उघडून घेवडा निवडायला बसेल. रात्री भिजत घालायचा तर आजचा बेत उद्यावर जाईल आणि उद्याचं गोडधोड आपोआप मागे पडेल.

मी साताऱ्यात मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. दिवाळी करून मुली परतायच्या त्या आठवड्यात ओव्याची बाटली कपाटात जात नसे, माझ्या टेबलावरच असायची. काय काय खाल्लं म्हणून विचारलं की प्रत्येकीचं उत्तर तुझ्या पत्रासारखं. मग मी विचारायची, काय खायचं राहिलं? तेव्हा मुली सांगायच्या : पिठलं. खरडा-भाकरी. हुलग्याची शेंगोळी. आईच्या हातचा नुसता आमटी-भात. पंधरा-पंधरा दिवस घरी राहून घरचं रोजचं जेवणच राहून गेलेलं असायचं.

तुझ्या पत्रात हेच दिसतं. तुला पाहुणीचं ताट वाढलं जातंय. आपल्याकडे पाहुण्याला पोळी आणि घरच्याला भाकरी, ही जुनी रीत. तू वर्षातून दोनदा येतेस, त्यामुळे तुझं येणं हाच घरात सण होऊन बसला. त्यामागचं प्रेम खरं आहे. पण तुझ्या पोटाला आणि माझ्या मते मनालाही, घरच्या माणसाचं ताट हवंय. ते तू मागितल्याशिवाय कुणी देणार नाही, कारण लेकीला इतकं साधं कसं वाढायचं, असंच सगळ्यांना वाटणार.

आता आजीबद्दल. ती सत्तरीच्या आसपास असेल तर 1972 चा दुष्काळ तिने ऐन तरुणपणात काढलाय. माझं माहेर माण तालुक्यातलं. तेव्हा मी लहान होते, पण रेशनवर आलेल्या मिलोच्या, म्हणजे परदेशी लाल ज्वारीच्या, तांबड्या भाकरी मला आठवतात. घशात अडकायच्या, तरी पुरवून पुरवून खायच्या. दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेल्या बायका मिळालेली सुकडी, म्हणजे तिथे वाटलेला कोरडा खाऊ, स्वतः न खाता पदरात बांधून पोरांसाठी घरी आणायच्या. त्या पिढीच्या बाईला भरल्या ताटावरचा 'नको' कसा ऐकू येत असेल, याचा विचार कर. तिचा राग मला आजिबात लहरी वाटत नाही. एकदा दुपारी जेवणं झाल्यावर तिला विचार, त्या वर्षी तुम्ही काय खात होतात? ती बोलेल, आणि पुढच्या वेळी तिच्याकडे काही मागताना कसं मागायचं ते तुझं तुलाच समजेल.

शिकणाऱ्या पोराच्या पोटात अन्न पडलं पाहिजे, हे साताऱ्याच्या मातीत मुरलेलं आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातींची मुलं तिथे एकत्र राहत, एका पंगतीला जेवत. मुलांच्या जेवणासाठी पैसे उरले नाहीत तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने तर दिलेच, मंगळसूत्रही विकलं. हे मी माझ्या मुलींना दरवर्षी सांगायची, तुलाही सांगते. तुझी आई 'किती वाळलीस' म्हणत असेल, तर त्यात तू दूर राहून शिकतेस याची काळजी आहे आणि मानही आहे.

जळजळीचं कारण साधं आहे. तेल-तुपाचं जड जेवण जठरातून पुढे सरकायला चार तास सहज घेतं, कधी जास्तच. तुझ्या दिवसात दोन खाण्यांमध्ये तेवढी सवडच नाही. दुपारची पुरी खाली उतरायच्या आत चारची चकली येते, ती पचायच्या आत मटण, आणि मटणावर लगेच झोप. आडवं झालं की जठरातलं आम्ल वर चढतं. पुरणपोळीला मी दोष देणार नाही. पुरणात जायफळ-सुंठ, वर तूप, जोडीला येळवणीची, म्हणजे पुरणाची डाळ शिजवलेल्या पाण्याची, झणझणीत आमटी, हे जेवण विचार करूनच बसवलेलं आहे. पण आमच्याकडे पुरणाच्या दिवशी रात्री चूल पेटत नसे. फार तर कुणी दूध-पोळी खायचं. पुरण तेव्हाही होतं, त्याच्यामागची ही मोकळी रात्र आता नाहीशी झाली.

म्हणून फराळाला वेगळी वेळ देऊ नकोस. सकाळी चहाबरोबर काय हवं ते खा, तेच न्याहारी समज, आणि चारला फक्त चहा घे. रात्रीचं जेवण आठच्या आत कर, झोपण्याआधी दोन-अडीच तास जाऊ दे. पोट फुगलेलंच असेल तर घेवडा, हुलगे, पिठलं दोन दिवस थांबव. आधी ताकभात, मुगाची खिचडी, ज्वारीची भाकरी आणि दुधी किंवा दोडक्याची भाजी. अभ्यास सकाळी फराळाच्या आधी उरकावा. जेवणानंतर झोप येणारच, तिच्याशी भांडत पुस्तक धरून बसण्यात वेळ जातो.

पंगतीत ताटावर हात आडवा धरून काही होत नाही, आग्रह दुप्पट होतो. त्यापेक्षा तू स्वतः वाढायला ऊठ. वाढणारं माणूस शेवटी बसतं आणि आपल्या हाताने आपल्याला हवं तेवढं घेतं. त्याच्या ताटात कुणी फारसं डोकावत नाही. तुझ्या चुलत भावांनाही उठव. पोरींनी वाढायचं आणि पोरांनी बसून खायचं, हे मला कधीच पटलं नाही. ज्या दिवशी तू जेवायला बसशील, त्या दिवशी वाढणाऱ्या काकीच्या कानात आधीच सांगून ठेव : "काकी, अर्धीच वाढ, लागली तर मागते." सांगायचं ते वाढणाऱ्या माणसाला. रांधणाऱ्याला सांगितलं की त्याला कष्ट वाया गेल्यासारखं वाटतं. आणि सावकाश जेव. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचायला वीसेक मिनिटं लागतात. दहा मिनिटांत ताट रिकामं केलंस तर ते पुन्हा भरणारच.

मामांना आणि आत्याला आदल्या दिवशी फोन कर. "मामी, तुझ्या हातचं भरीत-भाकरी कर, दुसरं काही नको" असं सांगितलं की मामीला आनंदच होतो. आधी काहीच न सांगता तिथे जाऊन पोट बिघडल्याचं सांगितलंस, तर तिचा सगळा बेत फसतो आणि मग ती मनाला लावून घेते.

मेसचं म्हणशील तर निघायच्या आधीचे दोन दिवस वरण-भात, चपाती आणि एक भाजी, एवढ्यावरच राहा. जिभेला उतार हळूहळू लागतो. पुण्याला गेल्यावरही जळजळ दोन-तीन आठवडे राहिली, गिळताना दुखलं किंवा शौच काळी झाली तर डॉक्टरांकडे जा. मैत्रिणीने दिलेल्या गोळ्या घेत बसू नकोस.

प्रश्न : माझा मुलगा कोल्हापूरला होस्टेलवर आहे. सुट्टी संपली की मी भरभरून डबे देते. बरंचसं खराब होतं आणि तो टाकून देतो. आठवडाभर टिकेल असं काय द्यावं?
— एक आई, कऱ्हाड

उत्तर : ओलं खोबरं, कच्चा कांदा आणि पाण्याचा हात लागलेलं काही देऊ नका. शेंगदाण्याची, कारळ्याची, जवसाची चटणी द्या. लसूण घालणार असाल तर आधी कोरडा परतून घ्या. मेतकूट द्या, गरम भातावर तूप-मेतकूट घातलं की मेसचा भातही जातो. बेसनाचे लाडू टिकतात. रव्याचे पाकातले टिकतात, पण ओलं खोबरं घातलेले नाहीत. धपाटे दोन दिवसांचेच, तेवढे पहिल्या संध्याकाळसाठी बांधा. चिवडा-चकली पूर्ण गार झाल्याशिवाय डब्याचं झाकण लावू नका, आतल्या वाफेने मऊ पडतात आणि कुबट वास येतो. एका मोठ्या डब्यापेक्षा चार लहान द्या, म्हणजे एक उघडला तरी बाकीच्यांना हवा लागत नाही.

आणि खोलीत किती मुलं आहेत ते विचारून घ्या. वसतिगृहात एकट्याचा डबा कधीच नसतो. चार जण असतील तर चौघांपुरतं द्या, टाकून द्यायला काही उरणार नाही.